मुक्काम कुठं टाकायचा? मुंबईच्या सहलीआधी ठरवायची पहिली गोष्ट

(रेडिओवरच्या बचत गटांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

आजचा विषय गटातल्याच एका मैत्रिणीनं सुचवला. ती म्हणाली, "दिवाळीच्या सुट्टीत पोरांना मुंबई दाखवायची आहे. भिशीचे पैसे हातात आलेत. तुम्ही दोनदा जाऊन आलात, तर काय काय बघायचं ते सांगा." मी तिला म्हटलं, काय बघायचं ते नंतर सांगते, आधी रात्री कुठं झोपणार ते सांग. ती हसली. पण हसण्यासारखी ही गोष्ट नाही. सहल गोड होणार की सगळे एकमेकांवर चिडून परत येणार, हे निम्मं मुक्कामाच्या जागेवर ठरतं. हे मी अनुभवानं शिकले आणि त्या शिकण्याची फी माझ्या सासूबाईंनी भरली.

आमची पहिली मुंबई सहल सहा वर्षांपूर्वीची. आम्ही नऊ माणसं होतो. मी आणि मालक, धाकटी जाऊ आणि दीर, चार पोरं आणि आमच्या आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई. ही सहल खरं तर आत्याबाईंसाठीच काढली होती. सारा जन्म बार्शी तालुक्यात गेला. विहीर पाहिली, तलाव पाहिला, पंढरपूरला चंद्रभागा पाहिली. समुद्र काही पाहिला नव्हता. "एकदा पाय बुडवून यायचंय," एवढंच म्हणायच्या. दोन वर्षं दूध घालून आणि गटात बचत करून पैसे जमवले.

मुक्कामाचं दिरानं फोनवर ठरवलं. एका मोठ्या स्टेशनाजवळचं लॉज होतं. त्याचं म्हणणं असं, की सगळं तिथून जवळ आहे, मग लांब कशाला राहायचं? ऐकायला बरोबरच वाटतं. तिथं पोचलो तर खोल्या तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही. आत्याबाईंचे गुडघे दुखरे. जिना चढताना त्या दर दहा पायऱ्यांवर बसल्या. खिडकीखाली रात्री दोनपर्यंत गाड्यांचे हॉर्न, पहाटे चारला हातगाड्यांचा आवाज. पोरं झोपली नाहीत, सकाळी रडकी उठली. संडास भारतीय पद्धतीचा आणि तोही बाहेरच्या बोळात. आत्याबाईंनी दुसऱ्या दिवशी पाणी पिणंच कमी केलं, उठावं लागू नये म्हणून. आणि समुद्रावर जायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या. मी बसते हितंच. पुन्हा ते जिने नको."

आम्ही आठ जण समुद्र बघून आलो. ज्यांच्यासाठी गेलो होतो त्या मात्र समुद्रापासून दोन-तीन किलोमीटरवर, चार भिंतींत बसून राहिल्या. परतीच्या गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

तीन वर्षांनी पुन्हा गेलो. या वेळी मुक्काम टाकला मुलुंडला. मुंबईच्या अगदी टोकाचं उपनगर, ठाण्याच्या अलीकडचं स्टेशन. तेव्हा काय काय विचार करून जागा निवडली, ते आज सविस्तर सांगते. मुलुंडलाच राहा असं मी म्हणत नाही. ठाणे, डोंबिवली, बोरिवली, विलेपार्ले अशी बरीच उपनगरं आहेत. जागा कोणतीही असो, विचार करायची रीत एकच.

पहिला प्रश्न : आपली गाडी कुठं थांबते?

आपण नकाशा बघताना गेटवे कुठं, राणीचा बाग कुठं हे बघतो. पण नऊ माणसं, सात पिशव्या आणि एक पाण्याचा कॅन घेऊन आपण सगळ्यात आधी उतरणार असतो आपल्या गाडीतून. म्हणून सुरुवात तिथून करा.

आमच्याकडून रात्री लातूर–मुंबई गाडी मिळते. बार्शीला बसलं की सकाळी मुंबई. ती गाडी थेट शिवाजी महाराज टर्मिनसला जाते, पण त्याआधी कल्याण आणि ठाण्यालाही थांबते. पुण्याकडून, नाशिककडून, मराठवाड्यातून येणाऱ्या बऱ्याच गाड्या कल्याण, ठाणे, दादर इथं थांबतात. तुमची गाडी कुठं थांबते ते तिकीट काढतानाच विचारा. आम्ही ठाण्याचं तिकीट काढलं, ठाण्याला उतरलो आणि रिक्षा करून मुलुंडला गेलो. सामान घेऊन लोकलमध्ये चढायची वेळच आली नाही. परतीलाही तसंच.

गुजरातच्या बाजूनं, म्हणजे नंदुरबार किंवा सुरतेकडून येणाऱ्या मैत्रिणींना बोरिवली सोयीचं, कारण त्या मार्गावरच्या अनेक गाड्या बोरिवलीला थांबतात. एसटीनं जाणार असाल तर ठाणे आणि बोरिवली दोन्हीकडे एसटीच्या गाड्या जातात. मार्च २०२३ पासून एसटीत आपल्याला, म्हणजे सगळ्या बायकांना, निम्मं तिकीट आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसांना एसटीचा प्रवास मोफत आहे. घरात म्हातारं माणूस असेल आणि ते रात्रभर बसून येऊ शकत असेल, तर हा हिशेबही करून बघा. रेल्वेत झोपून येता येतं, एसटीत पैसे वाचतात. कोणतं परवडतं ते ज्याचं त्यानं ठरवायचं.

दुसरा प्रश्न : शांत की सुनसान?

या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बाई माणसाला हा फरक लगेच कळतो. शांत म्हणजे रात्री दहानंतर गाड्यांचा गोंगाट नाही, पण रस्त्यावर दिवे आहेत, औषधाचं दुकान उघडं आहे, कोपऱ्यावर इस्त्रीवाला आहे, आजोबा-आजी फिरायला निघालेत. सुनसान म्हणजे भाडं कमी, खोली मोठी, पण स्टेशनपासून वीस मिनिटं आत, एका बाजूला नवी बांधकामं, दुसऱ्या बाजूला पत्र्याचं कुंपण, आणि रात्री नऊनंतर रिक्षावाला "तिकडं येत नाही" म्हणतो.

स्वस्ताच्या मोहानं सुनसान जागा घेऊ नका. माझं माप सोपं आहे. स्टेशनपासून चालत दहा मिनिटं, तीही म्हाताऱ्या माणसाच्या चालीनं. आणि तो रस्ता दुकानांचा आणि दिव्यांचा असावा. फोनवर विचारायचं असेल तर, "जवळ आहे का?" असं विचारू नका. त्याला सगळे "हो" म्हणतात. असं विचारा, "स्टेशनातून बाहेर पडल्यावर पूर्वेला की पश्चिमेला? वाटेत काय काय लागतं?" मुंबईत बहुतेक स्टेशनांना पूर्व आणि पश्चिम अशा दोन बाजू असतात. मधून रेल्वेचे रूळ. चुकीच्या बाजूला उतरलात तर पूल चढून यावं लागतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हा एक पूल म्हणजे अर्धा दिवस.

मुलुंड आम्हाला आवडलं त्याचं कारण हेच. जुनी वस्ती, झाडं असलेले रस्ते, मराठी, गुजराती, दाक्षिणात्य अशी सगळी घरंदारं करून राहिलेली माणसं. त्यामुळं खानावळ आहे, इडलीचं हॉटेल आहे, भाजीबाजार आहे, दवाखाना आहे. प्रवाशांसाठी उभारलेलं गाव नाही, राहणाऱ्यांचं गाव आहे. जिथं कुटुंबं राहतात तिथं कुटुंबाला लागणारं सगळं आपोआप असतं.

एक सावधगिरी सांगते. मुलुंड पश्चिमेला डोंगर दिसतो, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग. तिथं बिबटे आहेत, हे सगळ्या मुंबईला माहीत आहे. उद्यान बघायचं तर बोरिवलीच्या दारातून रीतसर तिकीट काढून बघावं. डोंगराकडंच्या आडवाटांनी पोरांना फिरू देऊ नका, विशेषतः अंधार पडल्यावर.

तिसरा प्रश्न : खोली कशी आहे?

खोली ठरवताना पुरुष माणसं भाडं विचारतात आणि फोन ठेवतात. पुढचं आपण विचारायचं. मी वहीत लिहून घेतलेले प्रश्न वाचून दाखवते.

खोली कितव्या मजल्यावर? लिफ्ट आहे का, आणि चालू आहे का? संडास खोलीतच आहे का? कमोड आहे का? गरम पाणी किती वाजल्यापासून किती वाजेपर्यंत? जादा गादी मिळते का आणि तिचे किती? सकाळी लवकर पोचलो तर खोली मिळेल का? बऱ्याच ठिकाणी दुपारी बाराला खोली देतात आणि बारालाच सोडायला लावतात. काही ठिकाणी आल्यापासून चोवीस तास मोजतात. रात्रीच्या गाडीनं जाणाऱ्याला हा फरक मोठा पडतो. सकाळी सातला पोरं घेऊन पोचल्यावर बारापर्यंत बसायचं कुठं? आणि शेवटच्या दिवशी खोली सोडल्यावर रात्रीच्या गाडीपर्यंत सामान ठेवून घेतील का?

प्रत्येक मोठ्या माणसाचं आधार कार्ड किंवा मतदान कार्ड बरोबर घ्या. कोणत्याही लॉजवर ते मागतातच.

आता एक गोष्ट खास बायकांसाठी. हल्ली स्वयंपाकघर असलेली घरं चार दिवसांसाठी भाड्यानं मिळतात. मोठ्या कुटुंबाला स्वस्त पडतं हे खरं. पण सख्यांनो, स्वयंपाकघर असलं की त्यात उभं कोण राहणार? सहल पोरांची, सहल मालकांची, आणि आपण तिथंही सकाळी सहाला कणीक मळणार. आमच्या धाकट्या जावेनं हे आधीच स्पष्ट सांगितलं, "ताई, गॅस दिसला तर मी मागं फिरेन." मग आम्ही ठरवलं, की घरून दोन दिवसांच्या दशम्या, शेंगाचटणी, चिवडा न्यायचा, नाश्ता खोलीवर आणि दुपारचं-रात्रीचं एक जेवण खानावळीत. खर्च थोडा वाढला, पण चार दिवस आम्हा दोघींच्या हाताला पोळपाट लागला नाही. घरात तान्हं मूल असेल, पथ्याचं माणूस असेल, तर स्वयंपाकघर घ्यावं लागेल. तेव्हा कोण काय करणार हे निघायच्या आधी घरात बसून वाटून घ्या. तिथं गेल्यावर वाटणी होत नाही.

चौथा प्रश्न : रोजचं जाणं-येणं जमेल का?

शांत उपनगरात राहायची किंमत म्हणजे वेळ. मुलुंडहून शिवाजी महाराज टर्मिनसला धीम्या लोकलनं साधारण तासभर लागतो. जायला तास, यायला तास. हे मान्य असेल तरच उपनगरात राहा. पण हा तास कसा जातो ते आपल्या हातात आहे.

लोकलच्या गर्दीला एक दिशा असते आणि एक वेळ असते. सकाळी साधारण आठ ते अकरा सगळी माणसं मुंबईकडं कामाला जातात. संध्याकाळी साधारण पाच ते साडेआठ तीच माणसं घरी परततात. आपल्याला कामावर हजेरी लावायची नाही. म्हणून अकरानंतर निघायचं, आणि परत फिरायचं ते चारच्या आत नाहीतर रात्री साडेआठनंतर. मधल्या वेळेत लेकरं आणि म्हातारं माणूस घेऊन लोकलमध्ये चढायचं धाडस करू नका. तिथं रोजची माणसंसुद्धा लटकून जातात.

दुसरी युक्ती दिशेची. सकाळी मुंबईकडं गर्दी असते, तेव्हा उलट, कल्याणकडं जाणाऱ्या गाड्यांत त्या मानानं जागा असते. सकाळी लवकर निघायचंच असेल तर उलट दिशेचं ठिकाण निवडा. अंबरनाथचं शिवमंदिर त्याच बाजूला आहे. शिलाहार राजांच्या काळातलं, शके ९८२ म्हणजे इसवी सन १०६० चा शिलालेख असलेलं, काळ्या दगडात कोरलेलं देऊळ. टिटवाळ्याचा गणपतीही त्याच बाजूला, कल्याणच्या पुढं कसाऱ्याच्या रस्त्यावर. मुंबईच्या सहलीत हे दोन कोणी धरत नाही, पण उपनगरात राहणाऱ्याला ते सोपे पडतात.

तिसरी युक्ती धीम्या गाडीची. काही धीम्या लोकल ठाण्याहूनच सुटतात. मुलुंड त्यानंतरचं पहिलंच स्टेशन, त्यामुळं दुपारच्या वेळी ती गाडी मुलुंडला येते तेव्हा बरीच रिकामी असते. जलद गाडी लांबून भरून येते. वीस मिनिटं वाचवायला उभं राहून जाण्यापेक्षा धीम्या गाडीत खिडकीशी बसून जावं. पोरांना स्टेशनं मोजायला मिळतात.

चौथी गोष्ट रविवारची. रेल्वे रुळांची दुरुस्ती बहुतेक रविवारी काढते. त्याला मेगाब्लॉक म्हणतात. सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत काही मार्ग बंद असतो, गाड्या उशिरानं धावतात, काही स्टेशनांवर थांबत नाहीत. कोणत्या मार्गावर आहे ते शनिवारच्या पेपरात येतं. म्हणून रविवारी लांब जायचा बेत ठेवू नका. रविवार जवळपास फिरायला ठेवा.

पाचवी गोष्ट पावसाची. जुलै-ऑगस्टात मुंबईत जोराचा पाऊस झाला की रुळांवर पाणी साचतं आणि लोकल थांबते. मुक्काम उपनगरात आणि आपण अडकलो मुंबईत, असं होऊ शकतं. म्हणून पावसाळा टाळा. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा सगळ्यात बरी. मे महिन्यात पोरांना सुट्टी असते, पण मुंबईचा घाम आपल्या कोरड्या उन्हाला सवकलेल्या माणसाला सोसत नाही.

लोकलचे चार नियम

तिकीट खिडकीवर जाता-येताचं एकदम काढा, परतीच्या रांगेचा वेळ वाचतो. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं लागतं. दिवसभरात चार ठिकाणी चढायचं-उतरायचं असेल तर एक, तीन किंवा पाच दिवसांचं पर्यटक तिकीट असतं, त्याची चौकशी करा. पाटीवर गाडीचं शेवटचं स्टेशन, वेळ आणि ती धीमी की जलद हे लिहिलेलं असतं. आपल्या स्टेशनला ती थांबते का हे शेजारच्या बाईला विचारायला लाजू नका. लोकलच्या बायका बोलायला तुटक वाटतात, पण एकदा "आम्ही गावाकडनं आलोय" म्हटलं की उतरेपर्यंत आपली काळजी घेतात.

बायकांचे डबे वेगळे असतात. आम्ही बायका आणि लहान पोरं त्या डब्यात, पुरुष शेजारच्या डब्यात. उतरल्यावर कुठं भेटायचं ते चढायच्या आधी ठरवायचं. गाडी स्टेशनात अर्ध्या मिनिटाच्या आसपासच थांबते. म्हणून आपलं स्टेशन यायच्या आधीच्या स्टेशनला उठून दाराच्या बाजूला सरकायचं. पण दाराला लटकायचं नाही, गाडी थांबेपर्यंत उतरायचं नाही.

चुकामूक झाली तर काय, हे पोरांना पाठ करून ठेवा. मागं राहिलेल्यानं फलाटावरून हलायचं नाही. पुढं गेलेल्यांनी पुढच्या स्टेशनला उतरायचं आणि एका मोठ्या माणसानं परत यायचं. प्रत्येक पोराच्या खिशात एक चिठ्ठी ठेवा. तिच्यावर दोन फोन नंबर आणि मुक्कामाचा पत्ता लिहा. रेल्वेत काही अडचण आली तर १३९, आणि कुठंही अडचण आली तर ११२ हे नंबर लक्षात ठेवा.

आमचे चार दिवस कसे गेले

गुरुवारी सकाळी पोचलो. पहिला दिवस रिकामा ठेवला. आंघोळी केल्या, जेवलो, सगळे दुपारभर झोपलो. संध्याकाळी मुलुंडच्या बाजारात हिंडलो आणि स्टेशन बघून आलो. कुठला जिना, कुठली लिफ्ट, तिकीट खिडकी कुठं, बायकांचा डबा फलाटावर कुठं लागतो. दुसऱ्या दिवशीची निम्मी धांदल तिथंच संपली.

शुक्रवारी भायखळ्याला राणीच्या बागेत गेलो. तिचं आताचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. धीमी गाडी भायखळ्याला थांबते. पेंग्विन बघून पोरं हलेनात. बाग जुनी, १८६१ सालची. झाडंच इतकी मोठी की आत्याबाई प्राण्यांपेक्षा झाडांखाली रमल्या. ही बाग बुधवारी बंद असते, हे लक्षात ठेवून दिवस निवडा. तसंच सोमवारी घारापुरीची लेणी बंद असतात. घारापुरीला बोटीनं तासभर जावं लागतं आणि पुढं शंभरावर पायऱ्या आहेत. म्हणून आत्याबाईंसाठी आम्ही तो बेत सोडला.

शनिवारी समुद्र. आता इथं जागेचा विचार कसा कामी आला ते ऐका. गिरगाव चौपाटीला जायचं तर सगळे सांगतात, दादरला गाडी बदला आणि पश्चिम रेल्वेनं चर्नी रोडला उतरा. पण दादरला पूल, चर्नी रोडला पूल. आम्ही ते केलं नाही. सरळ शेवटच्या स्टेशनपर्यंत, शिवाजी महाराज टर्मिनसला गेलो. तिथं रूळ संपतात आणि लोकलच्या फलाटांवरून सरळ चालत बाहेर येता येतं, पूल चढावा लागत नाही. बाहेर येऊन मागं वळून ती इमारत बघितली. १८८७-८८ सालची इमारत, २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत. मग टॅक्सीनं गेटवेला. मुंबईच्या त्या भागात रिक्षा नसते, टॅक्सीच असते, हेही माहीत असावं. गेटवेला कबुतरं आणि बोटी बघितल्या, आणि ऊन उतरल्यावर पुन्हा टॅक्सी करून चौपाटीवर.

आत्याबाईंच्या दोन्ही बाजूंना आम्ही दोघी जावा. वाळूत पाय रुततो म्हणून हळूहळू चाललो. पाण्याजवळ गेल्यावर त्यांनी लुगड्याचा काठ वर धरला आणि उभ्या राहिल्या. पहिली लाट आली, पायावरून गेली, मागं जाताना पायाखालची वाळू घेऊन गेली. त्या दचकल्या आणि माझा हात गच्च धरला. मग ओंजळीत पाणी घेऊन चाखलं आणि म्हणाल्या, "खरंच खारट आहे की." एवढंच. पण त्यानंतर अंधार पडेपर्यंत तिथून हलल्या नाहीत. आम्हालाही घाई नव्हती. साडेआठच्या आत परतायचंच नव्हतं. नऊच्या सुमाराला टर्मिनसहून धीमी गाडी पकडली. ती तिथूनच सुटते, त्यामुळं सगळ्यांना बसायला मिळालं. दहा-सव्वादहाला मुलुंड. दिव्यांचा रस्ता, पाच-सात मिनिटांचं चालणं, तळमजल्यावरची खोली. आत्याबाई अंथरुणावर पडल्या पडल्या झोपल्या.

रविवारी कुठं लांब गेलो नाही. ठाण्याला तलावपाळीवर गेलो, कोपिनेश्वराचं दर्शन घेतलं, पोरं बोटीत बसली. संध्याकाळी सामान घेतलं आणि ठाण्याहूनच रात्रीची गाडी पकडली. थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत ठाण्याच्या खाडीत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. मुलुंडच्या पुलापलीकडं ऐरोलीला ते बघायची वन विभागाची सोय आहे. आमचं ते राहिलं. बोट भरती-ओहोटी बघून सुटते, म्हणून आधी चौकशी करून जावं लागतं.

उपनगर कधी नको?

सगळ्यांनी उपनगरातच राहावं असं मी म्हणणार नाही. एकाच दिवसाची सहल असेल, तर जाण्या-येण्यातच दिवस जाईल. तेव्हा सकाळी दादरला उतरून रात्री तिथूनच गाडी धरावी. दवाखान्याच्या कामाला जात असाल तर मुक्काम दवाखान्याच्या जवळच हवा. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाणाऱ्यांचा हिशेब वेगळा. आणि नात्यातलं कोणी मुंबईत असेल तर? तिथं जरूर जा, पण त्यांचं घर किती आहे ते बघून. दोन खोल्यांच्या घरात नऊ माणसं चार दिवस उतरली, तर त्या घरच्या बाईची सहल आपण आपल्या नावावर लावून घेतो. एक वेळ जेवायला जावं, लेकरांना भेटवावं, आणि झोपायला आपल्या जागेवर यावं. प्रेम टिकतं.

शेवटी हिशेबाचं. लोक म्हणतात, उपनगरात राहिलं की रोजचं रेल्वेचं तिकीट जादा लागतं. लागतं. पण मुलुंडहून टर्मिनसपर्यंतचं दुसऱ्या वर्गाचं तिकीट आम्हाला माणशी वीस रुपयांच्या आतच पडलं. उलट खोलीच्या भाड्यात, खानावळीत आणि टॅक्सीत जे वाचलं ते त्याच्यापेक्षा जास्त होतं. आणि झोप झाली, हे वहीत कुठल्या रकान्यात लिहायचं ते मला कळलं नाही.

तर सख्यांनो, गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. ज्यांच्या घरी सहलीचा विचार आहे त्यांनी एक कागद घ्या आणि वर लिहा : आपल्यात सगळ्यात कमी चालू शकणारं माणूस कोण? सासूबाई असतील, पोटुशी सून असेल, तीन वर्षांचं लेकरू असेल. त्या माणसाला सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय चढावं लागेल, कुठं थांबावं लागेल, कुठं संडास लागेल, हे एकेक लिहून काढा. मग त्या माणसाला सोयीची जागा शोधा. त्या माणसाला जमलं की बाकीच्या सगळ्यांना जमतंच.

आत्याबाई मागच्या वर्षी गेल्या. त्यांच्या पेटीत एका पुरचुंडीत थोडी वाळू निघाली. कधी बांधून घेतली ते आम्हाला कळलंही नव्हतं.